झोन बदलाच्या सुनावणीला जाण्याआधी

श्रीमंत वस्तीत झोन, म्हणजे जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचा नियम, बदलून उंच इमारती आणि त्यांत काही परवडणारी घरं असा प्रस्ताव आला, की दोन दिवसांत लिफ्टमध्येच बाजू ठरून जातात. तुम्ही थोडं थांबा. आधी मूळ प्रस्ताव मिळवा. विरोधकांचं पत्रक नको, बिल्डरची रंगीत चित्रंही नकोत.

त्यात दोनच गोष्टी शोधा: त्या जमिनीवर आज किती एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि किती उंची चालते, आणि उद्या किती चालेल. मधला फरक म्हणजे जमीनमालकाला एका सहीने मिळणारी कमाई. परवडणारी घरं ही त्या कमाईच्या बदल्यात शहराने मागितलेली किंमत. सौदा आहे हा, दानधर्म नव्हे. म्हणून घासाघीस करायला लाजू नका. न्यूयॉर्कच्या २०१६च्या नियमात अशा घरांचा वाटा पर्यायानुसार साधारण २० ते ३० टक्के असतो. व्हिएन्नाने २०१८मध्ये मोठ्या नव्या निवासी झोनसाठी दोन-तृतीयांश अनुदानित घरांची अट आणली. अर्थात तिथे शहर स्वतःही पैसा घालतं. हे पाहून आपल्याकडचा आकडा जोखा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: परवडणारं म्हणजे नेमकं कुणाला? अनेक ठिकाणी हे मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली कमावतात तो आकडा) टक्केवारीत लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ६० टक्के. मध्यक काढताना कुठला परिसर धरलाय ते विचारा. सधन उपनगरं त्यात असतील तर आकडा वर चढतो, आणि 'परवडणारं' घर याच वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या, शाळेतल्या शिपायाच्या आवाक्याबाहेर राहतं. टक्केवारीवर समाधान मानू नका. महिन्याचं भाडं किती आणि त्यासाठी पगार किती लागेल, ते रकमेत मागा. मग विचारा, किती वर्षं? अमेरिकेत करसवलतीतून बांधलेल्या घरांवर भाड्याचं बंधन साधारण ३० वर्षांचं असतं, पुढे ती बाजारभावाने जाऊ शकतात. न्यूयॉर्कच्या वर सांगितलेल्या नियमात मात्र ते कायमचं आहे. शेवटी, परवडणारी घरं याच इमारतीत होणार, की बिल्डर पैसे भरून ती गावाबाहेर ढकलणार? ही पळवाट सहसा तळटिपेत सापडते.

जागेवर आज जुने भाडेकरू असतील तर पाडकामानंतर त्यांना परत कुठे आणि किती भाड्यात आणणार, तेही लेखी मागा. झोन बदलाला विरोध करणारे सगळेच स्वार्थी नसतात; बेघर होण्याची भीती खरी असते.

हरकतींचं मात्र दोन ढिगांत वर्गीकरण करा. पाणी, सांडपाणी, शाळेतल्या जागा, बसच्या फेऱ्या या अटी घालून सुटणाऱ्या गोष्टी. 'वस्तीचा बाज बिघडेल' ही हरकत कानावर आली, की बाज म्हणजे वास्तू की माणसं, एवढं सौम्यपणे विचारा. माझ्या मते निम्म्या वेळा उत्तर येत नाही. पार्किंगवर अख्खी संध्याकाळ खर्ची पडते, ती पडू देऊ नका.

आणि सरसकट 'नको' म्हणण्याआधी पालो आल्टोचं आठवा. कॅलिफोर्नियातल्या या धनाढ्य शहरात वृद्धांसाठीच्या ६० परवडणाऱ्या सदनिकांचा झोन बदल मतदारांनी २०१३मध्ये फेटाळला. पुढे त्याच जागेवर बाजारभावाची मोजकी स्वतंत्र घरं झाली. जमीन रिकामी राहत नाही.

सुनावणीत साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. एकच मागणी, एकच आकडा. 'हरकत' लिहिण्यापेक्षा 'या अटींवर मान्य' लिहिलेलं निवेदन अधिकाऱ्यांना जास्त अडचणीत आणतं, कारण त्याला मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं. जमलं तर रजा न मिळणाऱ्यांची निवेदनं सोबत न्या. बोस्टनच्या आसपासच्या ९७ शहरं-गावांतल्या सभांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष आणि घरमालक यांचा भरणा दिसला. नव्या घरांच्या बाजूने बोललेले जेमतेम १५ टक्के. ज्यांना ती घरं मिळतील ते त्या सभागृहात नसतातच, बहुधा त्या शहरातही राहत नसतात.

निवेदनाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या, आणि महिनाभराने इतिवृत्तात तुमची अट उतरली आहे का ते पाहा.