ठासणीची रायफल डावीकडे आणि खाली मारत असेल तर (माझा अनुभव)

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीच्या) शिकार हंगामासाठी घेतलेली .५० ची (अर्धा इंच नळीची) रायफल ५० यार्डांवर सतत ४ इंच डावीकडे, ३ इंच खाली मारत होती. दारू वाढवली, गोळीभोवतीची चिंधी जाड केली, गोळी बदलली; लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका लहान झाला, पण जागा तीच. फार वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. आधी ठासायचा गज आत घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. रायफल भरलेली असताना माशीला (नळीच्या तोंडाजवळच्या नेम धरायच्या उंचवट्याला) हात लावू नये. मग हिशोब: चूक गुणिले माशी ते खाच (मागची, नेम धरायची) अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. माझ्याकडे ४ × २८ ÷ १८००, म्हणजे ०.०६२ इंच, साधारण दीड मिलिमीटर. नळी आणि खाचेच्या बुडावरून पेन्सिलीची एकच रेघ ओढली आणि पितळी पंचाने मागची खाच तेवढी उजवीकडे सरकवली. खाच गोळी जायला हवी त्याच दिशेला न्यायची, माशी उलट दिशेला.

आडवं जुळल्यावरच उंची. गोळी वर आणायला माशी कमी करावी लागते, हिशोबाने ०.०४७ इंच. कानशीने आधी अर्धीच घासली, कारण घासलेलं परत येत नाही. ७० ग्रेन (वजनाचं छोटं माप) दारू, वाळूच्या पिशवीचा टेकू, प्रत्येक बारानंतर नळी पुसणं, हे सगळं तसंच ठेवून पुंजका पाहिला, मग उरलेलं थोडं थोडं घासलं. चकाकणाऱ्या माथ्यावर शेवटी कोल्ड ब्लू (पोलाद काळसर करणारं द्रावण) लावलं.