सॉफ्टवेअर सिंथवर श्रुती वाजवताना या चुका टाळा

सिंथमध्ये श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांच्या जागांचा, तक्ता भरला, स्क्रीनवर त्याचं नावही आलं, तरी तानपुऱ्याबरोबर गंधार चढाच लागतो. अशा वेळी बहुतेक जण तक्त्यातले आकडे बदलू लागतात. आकडे सहसा बरोबर असतात. चूक असते ती षड्ज कुठे बांधला आहे यात, फाइल कशी लिहिली आहे यात, किंवा एकच सूर दोन ठिकाणी दुरुस्त होतो आहे यात. पुढचं सगळं हिंदुस्थानी रागसंगीत आणि सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड यांसारखे स्काला पद्धतीच्या (सुरांचे तक्ते साठवण्याच्या) फाइली वाचणारे सिंथ डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

षड्ज बांधायचा राहून जातो

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एससीएल या स्कालाच्या तक्त्याच्या फाइलमध्ये फक्त स्वरांमधली अंतरं असतात. षड्ज कोणत्या पट्टीवर आणि किती हर्ट्झवर, हे त्यात कुठेच नसतं. फक्त ती फाइल चढवली तर बरेचसे सिंथ षड्ज मधल्या पांढरी एकवर, म्हणजे मिडी (की-बोर्ड आणि सिंथ यांच्यातली संदेशांची पद्धत) क्रमांक ६० वर धरतात. आता गायक पांढरी दोनमध्ये गाणार म्हणून तुम्ही षड्ज पांढरी दोनवर वाजवायला घेतलात, तर तक्ता अजूनही पांढरी एकचाच आहे. त्यात पांढरी दोन २०३.९ सेंटवर (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) आणि पांढरी सहा ८८४.४ सेंटवर बसलेली असते. दोन्हींतलं अंतर भरतं ६८०.५ सेंट. शुद्ध पंचम हवा ७०२ वर. पंचमच साडेएकवीस सेंट उतरला, तर पुढे काही वाजवण्यात अर्थ नाही. सिंथचं किंवा होस्टचं (ज्या सॉफ्टवेअरमध्ये सिंथ चालतो त्याचं) ट्रान्सपोजचं बटण दाबूनही हे सुटेलच असं नाही, कारण अनेक ठिकाणी ते बटण तक्त्याआधी नोटचा क्रमांक सरकवतं आणि स्वर पुन्हा चुकीच्या घरात पडतात.

यासाठी केबीएम, म्हणजे स्वर कोणत्या पट्टीवर बसवायचे हे सांगणारी फाइल लागते. त्यात ओळीने सात आकडे असतात: नकाशाचा आकार, पहिली नोट, शेवटची नोट, तक्त्याचा आरंभ कोणत्या नोटवर, संदर्भाची नोट कोणती, तिची कंप्रता, आणि सप्तक कितव्या स्वरावर पुरं होतं. काळी चारसाठी बारा स्वरांच्या तक्त्याला हे आकडे असे: ०, ०, १२७, ५६, ५६, २०७.६५२, १२. पहिला शून्य म्हणजे स्वर क्रमाने एकेका पट्टीवर बसवा. काळी एकसाठी दोन्हीकडे ६१ आणि कंप्रता २७७.१८३, पांढरी दोनसाठी ६२ आणि २९३.६६५.

आरंभाची नोट आणि संदर्भाची नोट वेगवेगळी ठेवण्याची चूक फार होते. तयार मिळणाऱ्या अनेक केबीएममध्ये आरंभ ६० वर आणि संदर्भ ६९ वर, ४४० हर्ट्झ असा असतो. समान बारा भागांच्या सप्तकात त्याने काही बिघडत नाही. पण तक्त्यात धैवत ५/३ (षड्जाच्या कंप्रतेच्या ५/३ पट) असेल, तर धैवत ४४० वर खिळून राहतो आणि षड्ज २६१.६३ ऐवजी २६४ वर जातो, म्हणजे १५.६ सेंट चढा. सिंथ स्वतःशी अगदी सुरेल असतो, म्हणून एकट्याने वाजवताना कळत नाही. तानपुरा लावला की कळतं. आपल्या संगीतात संदर्भ नेहमी षड्जच असावा.

फाइल लिहिताना

स्कालाच्या नियमाने टिंब असलेला आकडा सेंट समजला जातो आणि टिंब नसलेला गुणोत्तर. ७०१.९५५ च्या जागी नुसतं ७०२ लिहिलं तर सिंथ ते ७०२/१ असं वाचतो आणि पंचम साडेनऊ सप्तकं वर, कानाच्या पलीकडे जातो. एखादी पट्टी अचानक मुकी झाली तर आधी टिंब शोधा. पूर्ण आकडा लिहायचाच असेल तर ७०२.० लिहा.

षड्जाचा १/१ यादीत लिहायचा नसतो, तो गृहीत असतो; लिहिलात तर सगळे स्वर एकेक घर पुढे सरकतात. शेवटची ओळ मात्र २/१ हवी आणि ती स्वरांच्या संख्येत मोजायची. म्हणून बारा स्वरांच्या फाइलीत बारा ओळी, बावीस श्रुतींच्या फाइलीत बावीस. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत. फाइलमध्ये इंग्रजी अंकच (1, 2, 3) टाका, मराठी की-बोर्ड चालू राहिला असेल तर सिंथ फाइल नाकारतो. नोटपॅडने शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलं नाही ना, तेही पाहून घ्या.

एकच सूर दोनदा लावणं

सिंथमध्ये तक्ता भरलेला, आणि आधी बसवलेलं एखादं मिडी प्लगइन प्रत्येक नोटबरोबर पिच बेंडही (सूर वर-खाली सरकवणारा संदेश) पाठवतं आहे. शुद्ध गंधार १३.७ सेंट उतरायचा तो २७.४ उतरतो. गंधार दुप्पट उतरलेला दिसला तर कारण जवळपास नक्की हेच. सूर एकाच ठिकाणी लावा. तीन-चार सिंथ एकत्र वाजणार असतील तर एमटीएस-ईएसपी ही पद्धत सोयीची: एक मुख्य प्लगइन तक्ता धरून ठेवतं आणि जोडलेले सगळे सिंथ तिथूनच सूर घेतात. प्रत्येक सिंथला ही पद्धत कळते का, हे कार्यक्रमाआधी एकेकाला सोलो करून तपासा. न जोडलेला एक सिंथही सगळा मेळ बिघडवतो.

बेंडची मर्यादा जुळत नाही

ज्या सिंथला तक्ता वाचता येत नाही तिथे पिच बेंडशिवाय मार्ग नाही. बेंडचे १६,३८४ टप्पे असतात, मध्य ८१९२. मर्यादा (बेंड जास्तीत जास्त किती सरकवतो ती) दोन सेमिटोन असेल तर गंधार १३.७ सेंट उतरवायला ५६१ टप्पे खाली, म्हणजे ७६३१ पाठवायचे. तोच आकडा बारा सेमिटोन मर्यादा असलेल्या सिंथला मिळाला तर गंधार ८२ सेंट उतरतो, आणि ४८ असेल तर तीन सेमिटोनांहून खाली. एमपीईमध्ये (प्रत्येक नोटला वेगळा चॅनल देणाऱ्या मिडी पद्धतीत) नोटांच्या चॅनलची मर्यादा मुळातच ४८ धरलेली असते, तेव्हा पाठवणारा आणि घेणारा दोन्हीकडे तोच आकडा डोळ्यांनी पाहून घ्या. ४८ वर एक टप्पा ०.५९ सेंटचा होतो. श्रुतींसाठी एवढी बारकाई पुरते.

बेंड पूर्ण चॅनलला लागू होतो. खर्ज धरून वर सुरावट वाजवत असाल आणि दोन्ही एकाच चॅनलवर असतील, तर प्रत्येक गंधाराबरोबर खर्जही हलेल. एमपीईत पहिला चॅनल सामाईक आणि उरलेले पंधरा नोटांसाठी. सुटलेल्या नोटची आस अजून वाजत असताना तोच चॅनल नव्या नोटला मिळाला तर आस मध्येच घसरते. रिलीज आखूड करा, किंवा चॅनल आळीपाळीने वापरले जातील असं सेटिंग निवडा. बेंडचा संदेश नोटच्या आधी पोहोचायला हवा. उलट झालं तर प्रत्येक सुराच्या सुरुवातीला छोटा हिसका ऐकू येतो.

ध्वनीच श्रुती झाकतो

कोमल ऋषभाच्या दोन श्रुती ९० आणि ११२ सेंटवर आहेत. ज्या ध्वनीत युनिझनचे (एकाच सुरासाठी एकत्र वाजणारे) आवाज एकमेकांपासून पंधरा-वीस सेंट फाकवलेले आहेत, वर कोरस आहे, त्यात हा फरक कानापर्यंत येईलच कसा? श्रुती ऐकवायच्या असतील तर युनिझन एकवर आणा. कोरस, व्हायब्रेटो आणि ऑसिलेटर ड्रिफ्ट बंद करा. मग थोडं थोडं परत घाला.

तपासण्यासाठी साधी सॉटूथ लहर घ्या. षड्ज २६१.६ वर धरून गंधार लावा: समान भागांच्या गंधारात सेकंदाला सुमारे दहा लाटा (आवाजाचं कमी-जास्त होणं) ऐकू येतात, ५/४ वर त्या थांबतात. नुसत्या साइन लहरीवर हे कळत नाही, कारण लाटा उपस्वरांत असतात. ट्यूनर वापरत असाल तर त्याचा आधार षड्जाला जुळवा आणि काटा कुठे थांबतो ते पाहा: शुद्ध ऋषभ +४, शुद्ध गंधार −१४, मध्यम −२, पंचम +२, ५/३ चा धैवत −१६, शुद्ध निषाद −१२, ६/५ चा कोमल गंधार +१६. सगळे आकडे सारख्याच फरकाने हुकत असतील तर तक्ता ठीक आहे, षड्ज सरकलेला आहे. आणि सगळंच जवळजवळ दीड सेमिटोन चढलं किंवा उतरलं असेल तर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटची गफलत शोधा. तो फरक नेमका १४७ सेंटचा असतो.

बावीसच्या बावीस पट्ट्यांवर

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये २२ श्रुतींची मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून पेटीवर त्या बसवायच्या कशा हा प्रश्न आहेच. सिंथमध्ये त्या दोन मिनिटांत बसतात, पण वाजत नाहीत. सप्तक २२ पट्ट्यांचं झालं की ६१ पट्ट्यांच्या की-बोर्डवर पावणेतीन सप्तकंच उरतात, आणि बोटांची वर्षांची सवय वाया जाते. मैफलीसाठी प्रत्येक रागाचा बारा स्वरांचा वेगळा तक्ता करा. ऋषभ, गंधार, धैवत कोणत्या श्रुतीवर ते कानाने ठरवा. तक्ता बदलायचा तो दोन रागांच्या मध्ये, सगळे सूर सुटल्यावर.

दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्याही तक्त्यात मावत नाही, तो बेंडनेच यायला हवा. सर्जमध्ये त्यासाठी एक सेटिंग महत्त्वाचं: तक्ता मिडी येतानाच लावायचा की मॉड्युलेशननंतर (बेंडसारखे बदल झाल्यावर). नंतर लावला तर बेंड तक्त्याची घरं मोजतो, म्हणजे २२ च्या तक्त्यात दोन घरांची मींड दोन श्रुतींपुरतीच जाते. मींडेसाठी पहिला पर्याय ठेवा.

साथीला पेटी असेल तर तिच्यावरचा गंधार १४ सेंट चढाच असणार, आणि जुनी पेटी कदाचित ४४० वरही नसेल. आधी तिचा षड्ज मोजून केबीएममध्ये तोच आकडा घाला. मग ठरवा: गंधार-धैवतावर एका वेळी एकानेच ठहराव घ्यायचा, किंवा त्या कार्यक्रमापुरता सिंथ पेटीच्याच सुरांवर ठेवायचा.