‘बाय’ कुठे, ‘अंटिल’ कुठे आणि ‘विथ’ कुठे

‘बाय’ हा इंग्रजीतला अगदी रोजचा शब्द, पण मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणारा तिथे ठरावीक दोन जागी अडतो. एक ‘पर्यंत’ आणि दुसरा ‘ने’. नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या ईमेलमध्ये पहिली चूक जास्त महागात पडते, कारण तिथे मुदतीचा प्रश्न असतो. म्हणून आधी ‘पर्यंत’.

‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी रजेवर आहे’ ही दोन वाक्यं घ्या. अहवाल पाठवणं एकदाच घडतं आणि संपतं. शुक्रवार उलटायच्या आत ते कधीही होऊ शकतं. तिथे ‘बाय’: ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.’ रजा मात्र तोवर रोज चालू राहते. तिथे ‘अंटिल’ किंवा ‘टिल’: ‘आय ॲम ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे.’

शंका आली की मराठी वाक्यातला ‘पर्यंत’ काढून ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी अहवाल पाठवतो’ हे बरोबर बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी रजेवर आहे’ याला काही अर्थ नाही, म्हणजे ‘अंटिल’. सेंड, सबमिट, फिनिश, रिप्लाय, पे ही क्रियापदं मुदतीच्या वाक्यात बहुधा ‘बाय’ घेतात. वेट, स्टे, स्लीप, कंटिन्यू ही ‘अंटिल’. ‘प्लीज सबमिट द फॉर्म टिल मंडे’ हे फार दिसणारं वाक्य चूक आहे, कारण त्याचा सूर ‘सोमवार येईपर्यंत फॉर्म भरतच राहा’ असा लागतो.

क्रियापदांची यादी पाठ करून मात्र भागत नाही. ‘द ऑफिस विल बी ओपन बाय टेन’ म्हणजे दहाला याल तेव्हा ऑफिस उघडलेलं असेल. ‘द ऑफिस विल बी ओपन अंटिल टेन’ म्हणजे दहाला ते बंद होईल. बाकी सगळे शब्द तेच, पण निरोप उलटा.

नकारार्थी वाक्यात आणखी जपून. ‘आय वोन्ट फिनिश इट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत पाळता येणार नाही. काम कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘आय वोन्ट फिनिश इट अंटिल फ्रायडे’ म्हणजे त्याआधी होणार नाही, शुक्रवारी होईल. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण समोरचा दुसऱ्या वाक्यावर शुक्रवारी कामाची वाट पाहील.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नसतो. शुक्रवारी किती वाजेपर्यंत, हे मात्र ‘बाय फ्रायडे’मधूनही कळत नाही, म्हणून कामाच्या पत्रात वेळ लिहावीच: ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’. ‘अंटिल फ्रायडे’मध्ये तर शुक्रवार धरायचा की नाही यावरच घोटाळा होतो. रजेच्या अर्जात तो शब्द टाळून ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ असं परतण्याचा दिवस लिहिणं चांगलं.

पुढे पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर नुसता ‘बाय’ चालत नाही, ‘बाय द टाइम’ लागतं: ‘बाय द टाइम यू अराइव्ह, वी विल हॅव लेफ्ट.’ यातल्या ‘यू अराइव्ह’मध्ये ‘विल’ घालायचा नाही. गोष्ट भविष्यातली असल्यामुळे तो घालायचा मोह होतो, पण या जोडवाक्यात तिथे साधा वर्तमानकाळच येतो.

आता ‘ने’. ‘बहिणीने पेन्सिलने पत्र लिहिलं’ यात दोन ‘ने’ आहेत. कर्मणी प्रयोगात करणाऱ्याला ‘बाय’, हातातल्या साधनाला ‘विथ’: ‘द लेटर वॉज रिटन बाय माय सिस्टर विथ अ पेन्सिल.’ ‘आय कट इट बाय अ नाइफ’ चूक; तिथे ‘विथ अ नाइफ’ हवं.

प्रवासाच्या किंवा संपर्काच्या साधनाला ‘बाय’ लागतो, पण एका अटीवर: मध्ये अ, द, माय असं काही येता कामा नये. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय ईमेल’. एखादी विशिष्ट गाडी म्हणायची झाली की शब्द बदलतो: ‘ऑन द नाइन थर्टी बस’, ‘इन माय कार’. चालत जाण्याला ‘ऑन फूट’, ‘बाय वॉकिंग’ नव्हे. पैसे कार्डाने दिले तर ‘बाय कार्ड’, रोख दिले तर ‘इन कॅश’.

एखादी गोष्ट कशी करायची हे सांगताना ‘बाय’नंतर क्रियापदाला ‘इंग’ जोडा: ‘यू कॅन ओपन इट बाय प्रेसिंग धिस बटन.’ ‘बाय प्रेस’ किंवा ‘बाय टू प्रेस’ कधीच नाही.

कर्मणी दिसणाऱ्या प्रत्येक वाक्यात ‘बाय’ ठोकून देण्याची सवयही सोडावी लागते. झाकलेलं ते ‘कव्हर्ड विथ’, लाकडाचं बनवलेलं ते ‘मेड ऑफ वुड’. ‘शी इज मॅरिड टू अ डॉक्टर’ म्हणजे तिचा नवरा किंवा जोडीदार डॉक्टर आहे. ‘शी वॉज मॅरिड बाय अ प्रीस्ट’ म्हणजे धर्मगुरूने तिचं लग्न लावून दिलं.

आकड्यांचा अहवाल लिहिणाऱ्यांनी आणखी एक फरक पक्का करावा. किंमत 200 वरून 220 झाली, तर ती ‘बाय 20’ वाढली, ‘बाय 10 पर्सेंट’ वाढली आणि ‘टू 220’ वाढली. ‘बाय’ फरक सांगतो, ‘टू’ शेवटचा आकडा. ‘इन्क्रीज्ड बाय 220’ लिहिलं तर वाचणारा नवी किंमत 420 धरेल, आणि व्याकरण शुद्ध असल्यामुळे ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. अशा वाक्यात जुना आणि नवा दोन्ही आकडे द्यावेत: ‘द प्राइस रोझ बाय 20, फ्रॉम 200 टू 220.’