बंदिशीच्या पानावर खुणा कशा कराव्यात

ग्वाल्हेर गायकीत अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा (दुसरा भाग) आधी पूर्ण मांडायचे, बढत म्हणजे रागाचा विस्तार त्यानंतर. म्हणून कुठला भाग कुठे संपतो हे पहिल्याच दिवशी पक्कं हवं. छापील ओळी बघून ते कळत नाही, ताल मोजूनच कळतं.

मध्यलय त्रितालातली (चार-चार मात्रांचे चार विभाग, एकूण सोळा मात्रा) एखादी बंदिश भातखंडे लिपीत, म्हणजे पं. भातखंड्यांच्या स्वरलेखन पद्धतीत, समोर घ्या. (ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये भातखंड्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं.) पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. तेव्हा पानावर रकाने ०, ३, ×, २ असे येतात (० म्हणजे खाली, × म्हणजे सम) आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिसऱ्या रकान्यात पडते. डावीकडचा पहिला रकाना म्हणजे सम, असं धरून चालणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. × खालच्या पहिल्या अक्षराला पेन्सिलीने गोल करा. उठावापासून त्या गोलापर्यंतचा तुकडा म्हणजे मुखडा. इथे तो आठ मात्रांचा आहे. सिनेगीतात मात्र सगळ्या ध्रुवपदालाच मुखडा म्हणतात, त्यामुळे वादकांशी बोलताना कोणता मुखडा ते आधी ठरवून घ्या.

अस्ताई बहुधा मंद्र-मध्य सप्तकात फिरते. तिची शेवटची ओळ आठव्या मात्रेला संपली पाहिजे, कारण नवव्याला मुखडा परत उचलायचा असतो. शेवटचं अक्षर जरा जास्त ओढलं की मुखडा उशिरा येतो आणि सम हुकते. म्हणून प्रत्येक विभागात चारच मात्रा आहेत ना, ते बोटांवर मोजा. अक्षरापुढचा ऽ ही एक मात्रा. खाली कंस असलेले दोन स्वर मिळूनही एकच.

अंतरा साधारण मध्यम-पंचमाकडून तार षड्जाकडे चढतो. डोक्यावर टिंब असलेला सा दिसला की जागा सापडली. अंतरा अस्ताईच्याच मात्रेवर उठेल असं नाही, वेगळं मोजा. अंतऱ्यानंतरचा मुखडा पुस्तकात बहुधा छापलेला नसतो. तिथे स्वतःच्या हाताने ‘मु. ९’ (मुखडा नवव्या मात्रेपासून) लिहून ठेवा. ही एक खूण केली नाही, तर मैफलीत अंतरा संपल्यावर गाणारा अधांतरी राहतो.

ध्रुपदात यापुढे संचारी आणि आभोग हे आणखी दोन भाग असतात. आभोग अंतऱ्यासारखा पुन्हा वर जातो.

भावगीतात कडवी मोजू नका, चाली मोजा. तिन्ही कडव्यांची चाल एकच असेल तर एकदाच ‘अंतरा’ लिहा. दुसऱ्याची चाल बदलली तरच ‘अंतरा २’.