जर्बिलच्या घरट्यासाठी काय द्यावं, किती द्यावं, काय टाळावं

जर्बिल हा उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला. जमिनीखाली बीळ खणायचं, त्यात झोपायची खोली करायची आणि ती मऊ काहीतरी कुरतडून भरायची, हे पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लूही न शिकवता करतं. त्यामुळे घरटं आपण बांधून द्यावं लागत नाही. सामान बिनधोक असलं की आपलं काम झालं.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या धराव्या लागतात. तळाशी जाड थर देऊन अंथरतात ते बेडिंग, म्हणजे खणायची जमीन. घरट्याचं साहित्य त्याहून मऊ असतं आणि ते झोपायच्या खोलीत जातं. बेडिंगचा थर पातळ असेल तर वर कितीही टिश्यू टाका, घरटं उघड्यावर एका कोपऱ्यात होतं आणि जर्बिल कुठलाही आवाज झाला की दचकत राहतो.

फाटणारं चालतं, ताणणारं नाही

सगळ्यात सोपी परीक्षा पाण्याची. साहित्याची चिमूट ओली करून दोन्ही हातांनी ओढा. लगदा होऊन तुटली तर ठीक. लांब धागा निघाला आणि तो ताणला गेला, तर ते पिंजऱ्यात जाता कामा नये.

‘हॅमस्टर वूल’ वगैरे नावांनी मिळणारी फुललेली, ढगासारखी पाकिटं याच परीक्षेत नापास होतात. तसाच कापूस, लोकर, सुतळी, टॉवेलचे तुकडे. यांचे बारीक धागे पायाच्या बोटाभोवती किंवा घोट्याभोवती गुंडाळले जातात. जर्बिल सुटायला झटापट करतो, फास आवळतो, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय सुजून काळा पडायला लागतो. पिल्लं तर यात सहज अडकतात. धागे गिळले गेले तर आतड्यात गोळा होऊन अडतात. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं तरी फरक पडत नाही. कापूसही नैसर्गिकच आहे.

सर्वात भरवशाचं साहित्य म्हणजे साधा पांढरा टॉयलेट पेपर. सुगंध, लोशन, रंगीत छपाई यातलं काही नको. जोडीसाठी एका वेळी 6 ते 8 चौकोन पुरतात. बारीक फाडून देऊ नका. तळहाताएवढे तुकडे करून घरट्यापासून लांब, वरच टाका. तोंडात धरून ते पळवत नेणं आणि तिथे बसून त्याच्या चिंध्या करणं, यातच जर्बिलचा निम्मा दिवस मजेत जातो. दुसऱ्या दिवशी वर काही उरलं नसेल तर आणखी थोडं द्या, पडून असेल तर थांबा.

पुठ्ठाही हवाच. टॉयलेट पेपरच्या आतली नळी, अंड्यांचा लगद्याचा ट्रे, साधा तपकिरी खोका. देण्याआधी चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना आणि चकचकीत छापील थर काढून टाका. अंड्याच्या ट्रेवर अंड्याचे डाग असतील तर तो फेकाच. छापील वर्तमानपत्राची शाई पोटाकडच्या केसांना लागते, आणि कोरे कागद सहज मिळत असताना त्याच्या वाटेला जायचं कारणच नाही.

वाळलेलं मऊ गवत, टिमोथी किंवा साधं कुरणातलं, घरट्याला आकार देतं. जाड, टोकदार काड्या निवडून काढा. अंधारात त्या डोळ्याला लागतात. गवतातून माइट म्हणजे बारीक किडे येऊ शकतात, म्हणून पिशवी घट्ट बांधून 48 तास फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प गवतावर जमून ते ओलं होतं, आणि ओल्या गवताला बुरशी धरते.

खालची जमीन

कागदी बेडिंग घ्यावं, किंवा अ‍ॅस्पेन लाकडाचे, रंधा मारताना निघतात तसे पापुद्रे. देवदार आणि पाइनच्या लाकडातली सुवासिक तेलं श्वासनलिकेला त्रास देतात आणि यकृतावरही ताण आणतात. आपल्याला छान वाटणारा तो वास हीच इथे धोक्याची खूण. लाकडाचा बारीक भुसा धुळीमुळे बाद. मांजरासाठीचं, ओलं होताच गोळा होणारं लिटर पोटात गेलं तर घात करतं.

थर किमान 25 ते 30 सेंटिमीटर हवा. 10 सेंटिमीटर बेडिंग घाला, तळहाताने दाबा, वर गवताचा पातळ थर पसरा, पुन्हा बेडिंग. दाबल्याशिवाय बोगदे टिकत नाहीत, आणि गवताच्या काड्या छताला आधार देतात. मातीचं भांडं, दगड, चाक अशा जड वस्तू थेट काचेच्या तळावर किंवा पक्क्या फळीवर टेकवा. भुसभुशीत थरावर ठेवलेल्या वस्तूखाली जर्बिल खणतो आणि ती त्याच्याच अंगावर बसते. घर द्यायचं असेल तर लाकडी, बिनतळाचं द्या. प्लॅस्टिकचं कुरतडून त्याचे तुकडे पोटात जातात.

साफसफाई बेतानेच

इथे उत्साही माणसं चुकतात. जर्बिल लघवी फार कमी करतो, त्यामुळे दर आठवड्याला सगळं उपसायची गरज नसते. ओले कोपरे आणि कुजलेलं साठवलेलं अन्न तेवढं रोज-दोन रोजांनी उचला. काही आठवड्यांनी बेडिंगचा साधारण तिसरा भाग बदला. घरट्यातलं मूठभर जुनं साहित्य मात्र परत ठेवायचंच. जर्बिलच्या पोटावर गंधग्रंथी असते आणि कळप एकमेकांना वासावर ओळखतो. सगळा वास एकदम पुसला गेला की कालपर्यंत एकत्र झोपणारी जोडी भांडू शकते, आणि ही भांडणं रक्त निघेपर्यंत जातात.

मादी गाभण असेल तर हिशेब आणखी बदलतो. गर्भकाळ साधारण 24 ते 26 दिवसांचा. पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली जन्मतात आणि त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यामुळे घरटं हीच त्यांची ऊब. या काळात टिश्यूचं प्रमाण दुप्पट करा आणि पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावू नका. डोळे उघडायला अडीच आठवडे तरी लागतात.

काय बिघडलं ते कसं ओळखाल

नाकाभोवती लालसर खपली दिसली की रक्त समजून लोक घाबरतात. बहुतेकदा तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा लाल स्राव असतो. खरखरीत किंवा धुळीच्या बेडिंगमध्ये सतत खणून, किंवा ताणामुळे, तो नाकाशी साचतो आणि कातडी सोलते. बेडिंग बदला, आठवडाभरात फरक पडला नाही किंवा केस जायला लागले तर पशुवैद्याला दाखवा. अंगावरचे केस तेलकट, उभे राहिलेले दिसले तर हवेतला दमटपणा 50 टक्क्यांच्या वर गेलाय का ते पाहा, आणि घरट्याच्या तळाशी हात घालून ओल आहे का तेही.

पायाला धागा गुंडाळलेला दिसला तर तो ओढू नका, ओढल्याने कातडी कापली जाते. एकाने जर्बिलला हलक्या हाताने मऊ कापडात धरायचं, शेपटीला मुळीच नाही कारण तिची कातडी निसटून येते, आणि दुसऱ्याने बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने धागा कापायचा. तो कातडीत रुतलेला असेल तर कात्री घरी न लावता थेट पशुवैद्य. पोट फुगलंय, खाणं बंद, लेंड्या नाहीत, अशी लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी जा. एवढ्या लहान जिवाला रात्रभर थांबायची सवड नसते.