पोरांसोबत घरी रोल आईस्क्रीम करायचंय? मग तयारी दोन दिवस आधीपासून

सुट्ट्या लागल्या की ते रोल आईस्क्रीमचं खेळण्यातलं किट बऱ्याच घरी येतं, कुणी वाढदिवसाला दिलेलं असतं, कुणी ऑनलाईन मागवलेलं असतं. त्यात एक प्लेट आणि दोन स्क्रेपर असतात, प्लेट फ्रीझरमध्ये गार करायची, तिच्यावर दुधाचं मिश्रण पसरवायचं आणि गोठलं की खरवडून त्याचे रोल वळवायचे. डब्यावरच्या फोटोत पाच गुबगुबीत रोल उभे असतात आणि पोरांना वाटतं आत्ताच उघडू, आत्ताच करू. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात तसंच झालं. मी एकदम पाच पोरं बोलावली होती, पहिल्या दोघांचे रोल मस्त निघाले, तिसऱ्याच्या वेळी प्लेटचा गारवा संपला आणि दूध नुसतं पसरलंच, गोठेचना. ते लेकरू काही रडलं नाही, वाटीत दिलं ते चमच्याने खाल्लं आणि जाताना हळूच म्हणालं, काकू मला रोल नाही आला. ते मला फार लागलं. म्हणून ह्या वर्षी मी सगळी तयारी नीट बसवली, तीच सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बाहेर गाडीवर जो तवा असतो, थायलंडहून आलेली पद्धत ती, त्याच्या खाली कॉम्प्रेसर असतो, तो तवा उणे २५-३० डिग्रीला धरून ठेवतो, कितीही रोल काढा. आपल्या किटच्या प्लेटला असलं काही नसतं, आत जेल भरलेलं असतं, घरच्या फ्रीझरमध्ये ती जास्तीत जास्त उणे १८ च्या आसपास जाते आणि बाहेर काढली की तेवढीच थंडी तिच्याकडे असते, नवीन येत नाही. त्या थंडीत दोन पोरांचे रोल निघतात, तिसऱ्याला ती पुरत नाही. त्यामुळे पुढची सगळी तयारी म्हणजे ती थंडी कुठे वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच आहे.

तर दोन दिवस आधी फ्रीझर बघा. सिंगल डोअरवाला असेल आणि भिंतींना बर्फाचा जाड थर चढला असेल तर डिफ्रॉस्ट करून घ्या, त्या थरामुळे आत गारवा नीट पोचत नाही. मटारची पाकिटं, बर्फाचे ट्रे, काय काय कोंबलेलं असतं ते एका बाजूला करा, प्लेट पूर्ण आडवी बसायला पाहिजे. आणि आडवी म्हणजे खरंच आडवी, माझी पहिल्यांदा थोडी कलती राहिली होती तर जेल एका बाजूला जमलं आणि अर्धी प्लेट कडक, अर्धी मऊ. सोपी युक्ती सांगते, त्याच जागी एका स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घालून ठेवा, पाणी एकीकडे सरकलं की कळतं, मग खाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. नॉब रात्रीच फुल्ल करून टाका. प्लेट धुवून, अगदी कोरडी पुसून ठेवायची, पाण्याचा थेंब राहिला तर त्याचा बर्फ होतो आणि नंतर स्क्रेपर तिथेच अडकतो. काही किटवर आठ तास लिहिलेलं असतं, पण आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात, बाहेर ४४ डिग्री असताना, आठ तासांवर विसंबू नका, मी पूर्ण २४ तास ठेवते. मधे लाईट जाणार असा मेसेज आला असेल तर दिवसच बदला. आणि पोरांना सांगून ठेवा की फ्रीझर उघडून पाहायचं नाही, माझी लेक दर अर्ध्या तासाने पाहून राहिली होती झालं का म्हणून, शेवटी दारावर सेलोटेप लावला.

मिश्रण पण आदल्या रात्रीच. साधारण पाच प्लेटांना पुरेल असं माप देते, १०० मिली फुल क्रीम दूध उकळून गार केलेलं, १०० मिली फ्रेश क्रीम आणि तीन मोठे चमचे मिल्कमेड, एवढंच, छोट्या गंजात (पातेल्यात) नीट फेटायचं. गोड जास्त व्हावं म्हणून साखर वाढवू नका, साखर जास्त झाली की मिश्रण गोठतच नाही, चिकट राहतं. उलट नुसतं दूध घेतलं तर त्याचा कडक बर्फ होतो आणि खरवडताना भुगा पडतो, क्रीम असतं म्हणून तर ते वळतं. आंबा घालायचा तर बैगनफल्लीचा घट्ट रस गाळण्यातून गाळून घ्या, धागा राहिला तर रोल तिथेच फाटतो, आणि एका प्लेटला एक चमचाच. संत्र्याचा, लिंबाचा रस दुधात नको, फाटतं. चॉकलेट, बिस्किट, ओरिओ जे काय घालायचं ते रव्यासारखं बारीक कुटा, पोरांना मोठे तुकडे आवडतात पण ते वरून टाकायला ठेवा.

मग हे मिश्रण झाकून फ्रीजमध्ये, रात्रभर. हे कंटाळा करून सोडू नका, कारण साधं आहे, १ ग्रॅम पाणी गोठवायला ८० कॅलरी उष्णता काढावी लागते आणि ३० डिग्रीवरून शून्यावर आणायलाच आणखी ३०, म्हणजे ओट्यावरचं कोमट मिश्रण ओतलं तर प्लेटची थंडी गोठवणं सुरू व्हायच्या आधीच खर्च व्हायला लागते. फ्रीजमधून काढलेलं असेल तर ते काम बरंचसं आधीच झालेलं असतं. वाट्या पण स्टीलच्या घ्या आणि त्याही फ्रीजमध्ये ठेवा, गरम वाटीत रोल टाकला की बुडाशी लगेच पाणी होतं.

आता पोरांचं. कुणाला दूध चालत नाही, कुणाला काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे त्यांच्या आयांना आधी फोन करून विचारा. आणि पाळ्या आधीच ठरवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. एका प्लेटवर एका वेळी दोन पोरं, त्याच्यापेक्षा जास्त नाही, मग प्लेट परत फ्रीझरमध्ये पूर्ण २४ तास. म्हणजे आज दोघं, उद्या दोघं, उरलेले परवा. त्यांना बोलावतानाच तसं सांगा, पोरं वाट पाहायला तयार असतात, फक्त आपला नंबर येणार हे त्यांना पक्कं माहिती पाहिजे. मी चिठ्ठ्या उडवते, नाव आलं की चिठ्ठी फ्रीजला मॅग्नेटने लावते, एकाचंही भांडण झालं नाही.

वेळ सकाळी सातची धरा, ऊन चढायच्या आत. आणि आमच्याकडच्या लोकांसाठी खास, कूलरच्या खोलीत करू नका. मला आधी वाटलं होतं थंड हवा आहे तर चांगलंच, पण कूलरची हवा ओली असते, प्लेट बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर पांढरं दहिवर चढतं आणि मिश्रण त्या बर्फावरच बसतं. कूलर बंद, पंखा बंद, एवढी दहा मिनिटं घाम येऊ द्या.

ओट्यावर टर्किश टॉवेलची चौपदरी घडी, त्यावर प्लेट, म्हणजे खालून गरम होत नाही आणि सरकत पण नाही. दोन्ही स्क्रेपर हाताशी, त्यांच्या कडेवरून आधी नख फिरवून बघा, कुठे प्लास्टिक वर आलं असेल तर रोलवर रेघ उठते. घरचा स्टीलचा सराटा (उलथणं) मात्र अजिबात वापरू नका, कोटिंग खरवडलं जातं, आणि प्लेट फुटून जेल बाहेर आलं तर ते मिश्रण सरळ टाकून द्या, प्लेट पण. हात धुतले की पूर्ण कोरडे करायला लावा, ओलं बोट गार धातूला चिकटतं. जीभ लावून बघायची नाही हे तर दोनदा सांगा.

सगळं जागेवर आहे म्हटल्यावरच प्लेट काढा, सगळ्यात शेवटी. तीन मोठे चमचे मिश्रण मधोमध, पसरवायचं काम पोराचंच, दोन-तीन मिलीमीटर जाड, पातळ डोशासारखं, लवकर लवकर पण कडेपर्यंत सारखं. मग हात मागे आणि पाहत राहायचं. कडेची चमक आधी जाते, ती मॅट होत होत आत सरकते, मधल्या शेवटच्या चकाकत्या ठिपक्याकडे सगळी पोरं श्वास धरून पाहतात, तो ठिपका विझला की वेळ झाली. तीन बोटं रुंद पट्ट्या पाडायच्या, स्क्रेपर जवळजवळ आडवा धरायचा आणि एका दमात पुढे ढकलायचा, मधे थांबायचं नाही. खर्र असा बारीक आवाज येतो आणि ती पट्टी आपोआप स्वतःभोवती वळायला लागते. माझ्या लेकीचा पहिला रोल असा वळला तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. भुगा पडला तर जास्त कडक झालंय, दहा सेकंद थांबा. लिपल्यासारखं होत असेल तर अजून गोठलं नाही.

उरलेलं मिश्रण कुल्फीच्या साच्यात. प्लेटवर गरम पाणी ओतू नका, आधी घरातल्या हवेवर येऊ द्या, मग साध्या पाण्याने, मऊ स्पंजने, आणि दोनदा कोरडी पुसा. लगेच परत फ्रीझरमध्ये आडवी, आणि दारावर उद्याच्या दोन नावांच्या चिठ्ठ्या.