घरच्या शेरूचं, मनीचं चित्र: काढून घेणाऱ्यांनो आणि काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

असलं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा कागदाला पेन्सिल लागायच्या आधीच. एक तर फोटो चुकीचा आलेला असतो, नाहीतर दोघांनी एकमेकांना विचारायचं ते विचारलेलं नसतं. कागदावरच्या चुका त्याच्या नंतरच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा खोडरबराने जातात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, आपल्या इंदूरच्या मराठी वस्तीत हल्ली वाढदिवसाला किंवा वास्तुशांतीला घरच्या कुत्र्या-मांजराचं हाताने काढलेलं चित्र देण्याची टूम आहे. मी अशी चित्रं काढते, आणि कधी शिकवतेही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चुका रोज समोर असतात.

फोटोतच हरतो आपण

सगळ्यात नेहमीचा फोटो असा: माणूस उभा, कुत्रा खाली बसलेला, वर बघतोय, आणि मोबाइल त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. दिसतो गोड. पण मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. ती जवळची वस्तू फुगवते आणि लांबची लहान करते. नाक मोठं, कान बारके, कपाळ आक्रसलेलं. फोटोत ते खपून जातं, कारण फोटो असाच असतो हे डोळ्याला ठाऊक असतं. तेच हुबेहूब कागदावर उतरवलं की घरचे म्हणतात, "चित्र छान आहे हो, पण हा आमचा शेरू नाही वाटत."

उपाय साधा आहे. जमिनीवर बसा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, पाच-सहा फूट मागे सरका आणि दुप्पट झूम करा. उजेड सकाळचा, खिडकीतून किंवा ओट्यावरच्या सावलीतून येणारा असू द्या. भर दुपारच्या उन्हात काळ्या केसांचा नुसता ठिपका होतो आणि पांढरे केस जळून जातात. फ्लॅश तर मारूच नका. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळाचा खरा रंग कळायला मार्गच उरत नाही.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की आकार दाबला जातो आणि नेमके डोळ्याजवळचे बारीक केस पुसले जातात. स्टेटसचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर चित्रकाराने तिथेच थांबून मूळ फोटो मागावा. संकोच करू नये. माझी कसोटी एकच: डोळा मोठा करून बघायचा. पापणीची कड स्पष्ट दिसली तर फोटो चालेल. नुसते चौकोन दिसले तर चालणार नाही, मग प्राण्याचा भाव कितीही सुंदर असो.

गेलेल्या प्राण्याचं चित्र असेल तर मात्र नवा फोटो मिळणार नसतो. अशा वेळी निवड करून एकच फोटो पाठवण्याची चूक होते. असतील तेवढे सगळे पाठवा, हललेले, अर्धवट, लग्नाच्या अल्बमातल्या कोपऱ्यातलेसुद्धा, आणि कोणता चेहऱ्यासाठी, कोणता रंगासाठी ते सांगा. व्हिडिओ असेल तर फारच उत्तम, त्यातून कान कसे पडतात ते समजतं. चित्रकाराने एका फोटोतलं डोकं दुसऱ्या फोटोतल्या धडावर बसवण्याआधी दोन्हीकडे उजेड कुठून येतोय ते पाहावं. डोक्यावर डावीकडून ऊन आणि पाठीवर उजवीकडून, असं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. आणि हाताशी फक्त धूसर फोटो असतील तर मोठ्या रंगीत चित्राचा हट्ट दोघांनीही सोडावा. लहान, मोकळं पेन्सिल स्केच त्याहून खरं उतरतं.

"तेवढा कान नीट करा ना, ताई"

ही विनंती फार येते. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडलेली असते. आपल्याकडे घरात आलेली देशी कुत्री बरीचशी गल्लीतूनच आलेली, त्यामुळे ही खाच बऱ्याचदा असते. चित्रात ती भरून टाकली की कुठल्याही देशी कुत्र्याचं चित्र होतं. तसंच म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडावरचे पांढरे केस, मांजराची किंचित वाकडी शेपटी, एक कान उभा आणि एक पडका. ओळख पटते ती यावरच. माझं मत विचाराल तर यातलं काही पुसू नये. पण चित्र तुमचं आहे. पुसायचंच असेल तर कच्च्या रेखाटनाच्या वेळी सांगा, रंग भरून झाल्यावर नको.

पट्टा ठेवायचा की काढायचा, हेही आधीच ठरवा. पट्ट्याच्या बिल्ल्यावर मोबाइल नंबर कोरलेला असेल तर तो चित्रात उतरवू नये. चित्र पुढे सगळीकडे फिरतं.

याच जातीची चित्रकारांची चूक म्हणजे फोटोत जे दिसत नाही ते इंटरनेटवर जातीचं नाव टाकून भरून काढणं. आपण ज्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतो तो बहुतेक घरांत इंडियन स्पिट्झ असतो. त्याचं तोंड लांबट, अंगकाठी मोठी. इंटरनेटवरचा पामेरियन म्हणजे गोल चेहऱ्याचं, आखूड तोंडाचं पिल्लू. तिथून नाक उचललं की स्पिट्झचा चेहरा गेला. फोटोत नसेल ते घरच्यांना विचारावं.

बोलणी अर्धवट

"ताई, ए-फोरमध्ये तिघंही बसतील ना?"
"बसतील हो, पण डोळे मोहरीएवढे होतील."

ए-फोर म्हणजे २१ गुणिले २९.७ सेंटिमीटर. त्यात उभ्या कागदावर तीन चेहरे शेजारी शेजारी घेतले तर एकेकाच्या वाट्याला कडा सोडून जेमतेम सहा सेंटिमीटर येतात. एवढ्यात रंगीत पेन्सिलच्या टोकाने डोळ्यातली चमक जागेवर ठेवणं अशक्यप्राय. एक चेहरा असेल तर ए-फोर, दोन-तीन असतील तर ए-थ्री, म्हणजे बरोबर दुप्पट कागद.

दुसरं, शैली. एकाचं काम आवडलं म्हणून त्याला दुसऱ्यासारखं काढायला सांगू नका. आपल्या इंदूरच्या चित्रकला विद्यालयात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रेही शिकले आणि एम. एफ. हुसेनही. एकाच वर्गातून निघालेले दोन हात इतके वेगळे. हुसेनच्या घोड्याची जात कुणी विचारत नाही, तिथे वेग हवा असतो. तुम्हाला मिशीचा केस न् केस हवा असेल तर तसं काम करणाऱ्याकडे जा, आणि आधीची चित्रं पडद्यावर नाही, प्रत्यक्ष बघा.

निम्मे पैसे आगाऊ, कच्चं रेखाटन दाखवून होकार, मग रंग: हा क्रम ठरवून घ्या. ढोबळ बदल रेखाटनावरच होतील हे लिहून ठेवा, मेसेजमध्ये दोन ओळी पुरतात. दिवाळीत हवं असेल तर श्राद्धपक्षात सांगून उपयोग नाही. रंगीत पेन्सिलचं काम थरावर थर चढत होतं, ते घाईत उरकता येत नाही.

आणि 'हाताने काढलेलं' म्हणजे नेमकं काय, ते विचारा. टॅब्लेटवर हाताने काढून छापलेलं चित्र वाईट नसतं, पण तसं सांगून, त्या भावात दिलेलं असावं. फोटोला फिल्टर लावून, छापून, वर दोन-चार रेघा ओढून विकणारेही आहेत. ओळखायचं असेल तर कागद खिडकीशी तिरका धरा. खरी शिसपेन्सिल गडद भागात चकाकते आणि दाबाच्या रेघांचे चर दिसतात. भिंगाखाली सारखे बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती छपाई. सगळ्यात सोपं म्हणजे काम चालू असतानाचे टप्प्याटप्प्याचे फोटो आधीच मागून ठेवणं.

आता काढणाऱ्यांसाठी

बाह्यरेषेसाठी ग्रिड (चौकोनांची जाळी) घ्या, ट्रेस करा, त्यात कमीपणा नाही. फक्त ऑफिसचा निळा-काळा कार्बन वापरू नका, तो खोडला जात नाही आणि पांढऱ्या केसांतून डोकावत राहतो. फोटोच्या प्रिंटमागे मऊ शिसपेन्सिल घासली तरी काम होतं.

काळा कुत्रा काळ्या पेन्सिलने काढणं ही नवशिक्यांची हमखास चूक. काळा लॅब्रेडॉर खिडकीशी बसवून नीट बघा. डोक्याच्या वरच्या भागावर आभाळाची निळसर झाक असते, हनुवटीखाली फरशीचा तांबूस उजेड असतो, आणि खरा काळा फक्त कानाच्या घडीत, नाकपुडीत आणि ओठांच्या कडेला. म्हणून आधी गडद निळा आणि गडद तपकिरी एकावर एक चढवावा, काळा सगळ्यात शेवटी, तोही नेमक्या जागी. सुरुवातीलाच काळा दाबला की कागद भरतो आणि वर काहीच चढत नाही. पांढऱ्या स्पिट्झचं उलटं. तो कुठेच निव्वळ पांढरा नसतो, राखाडी, फिकट निळा, फिकट पिवळा असतो. मागे थोडी गडद छटा दिल्याशिवाय तो कागदातून सुटून पुढे येत नाही.

केसांची दिशा. कुत्र्याच्या नाकाच्या दांड्यावर केस अगदी आखूड असतात आणि नाकाकडून मागे जातात. दोन डोळ्यांमधून वर चढतात, कपाळावर फाटून कानांकडे वळतात, गालावर खाली आणि मागे. छातीवर बऱ्याचदा भोवरा असतो. फोटोची एक प्रिंट काढून तिच्यावर लाल पेनाने नुसते बाण काढा आणि तो नकाशा समोर ठेवून काम करा. रेघ मुळापासून टोकाकडे ओढायची आणि टोकाला हात उचलायचा, म्हणजे ती आपोआप निमुळती होते. पण आधी डोळे किलकिले करून गडद-फिकट भाग मांडून घ्या. पहिल्या दिवसापासून एकेक केस काढत बसलं की अंगाला गोलाई येत नाही, चटई होते.

डोळा. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. ती विसरली की प्राणी भेदरलेला दिसतो. चमकेचा ठिपका उजेडाच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, आणि त्याच्या समोरच्या बाजूला बुबुळ थोडं उजळ. चमकेची जागा कागदाची कोरीच सोडा, नंतर पांढरा रंग थापू नका. मांजराची बाहुली उजेडात उभी चीर असते, अंधारात गोल होते. दिवसाउजेडी बसलेल्या मनीला गोल काळी बाहुली दिली तर ती घाबरलेली दिसेल.

पांढऱ्या मिशा शेवटी जेल पेनाने ओढता येतात, पण रेघ जाड येते. त्यापेक्षा रंग भरण्याआधीच शाई संपलेल्या बॉलपेनाने मिशांच्या जागी हलका चर पाडून ठेवावा. वरून पेन्सिल फिरली तरी चर पांढराच राहतो. एकदा पाडलेला चर मात्र मिटत नाही, तेव्हा हात बेताचा.

सामानात कंजुषी करायची तर पेन्सिलीत करा, कागदात नको. खजुरी बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्रॉइंग बुकचा कागद काही थरांतच चकचकीत होतो आणि रंग नाकारतो. गुळगुळीत, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. मेण घातलेल्या रंगीत पेन्सिलींनी गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी धुकट साय येते. ती मऊ फडक्याने हलकेच पुसली जाते, मग फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) मारावा. हेअरस्प्रे नको, तो पुढे पिवळा पडतो. रंग उडतो की टिकतो हे काही चांगल्या पेन्सिलींच्या दांड्यावर ताऱ्यांनी दाखवलेलं असतं. गुलाबी आणि जांभळे रंग निवडताना ते तारे जरूर बघा, नाहीतर चित्रातली जीभ आणि कानाची आतली बाजू सगळ्यात आधी फिकी पडते.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, कागद हवेतली ओल पितो. पेन्सिल अडखळते, खोडताना पृष्ठभाग उसवतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, हाताखाली एक कोरा कागद घ्या, आणि फिक्सेटिव्ह पाऊस थांबल्यावर, कोरड्या दुपारी, बाहेर जाऊन, फूटभर अंतरावरून पातळ मारा.

पाठवणं आणि टांगणं

चित्र पुण्याला बहिणीकडे पाठवायचं असेल तर गुंडाळी करू नका, कोळशाचं असेल तर मुळीच नाही. वर बटर पेपर, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, असं सपाट पाठवा. काच तिकडेच लावू द्या.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: लॅमिनेशन नको, आणि चित्र काचेला टेकायला नको. मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, कड हवीच, नाहीतर ओल धरली की पेन्सिलचा थर काचेला चिकटतो. मागे सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावणारे असतात. डिंक पिवळा पडून पुढे उमटतो, म्हणून आम्लमुक्त टेप मागा. पश्चिमेचं ऊन थेट येणारी भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, दोन्ही टाळा. पहिलीवर रंग उडतात, दुसरीवर बुरशी आणि कसर लागते. काच पुसताना पाणी किंवा कॉलिन फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ओघळ फ्रेमच्या खालच्या खाचेतून आत शिरतो आणि माउंटला डाग पडतो.